गुळाच्या पाण्यातले बी

मृगाच्या सरी दोनचार वेळा कोसळून गेल्या, काळ्या रानात वीतभर ओल उतरली आणि वाफसा आला, की वाळवे, पलूस, मिरज, कराड आणि कोरेगाव या तालुक्यांतील कितीतरी घरांच्या सोप्यात एक काम मोठ्या निगुतीने चाललेले दिसते. गूळ घालून उकळलेले आणि मग पुरते निवलेले पाणी, त्यात कालवलेली काळपट भुकटी, आणि ताडपत्रीवर पसरलेले पिवळसर, वाटोळे बी, एवढीच त्याची सामग्री. दर दहा किलो बियाण्यास पाव किलो भुकटी असा हिशेब असतो. बी जोराने चोळले तर त्याचे पातळ साल सुटून येते, म्हणून घरातल्या जाणत्या बायका ते हलक्या हाताने खालीवर करतात, त्याला उन्हाची तिरीप लागू देत नाहीत, आणि सावलीत सुकलेले बी त्याच दिवशी टोकणीसाठी रानात जाते.

त्या भुकटीत जिवंत जिवाणू असतात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरून हवेतील नत्र त्याला मिळवून देणारा जो विशिष्ट जिवाणू, ज्याला शास्त्रज्ञांनी ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम असे नाव दिले आहे, तो आपल्या रानांत पूर्वापार वस्तीला नव्हता. पूर्व आशियातून आलेल्या या बियाला आपला सोबतीही बरोबर आणावा लागला, आणि त्यासाठीच या भुकटीची पाकिटे आली. परंतु या बियाची जिवाणूंशी आणखी एके ठिकाणी गाठ पडते, आणि ती कोणी पाकिटातून घालून दिलेली नाही. ती माणसाच्या मोठ्या आतड्यात पडते. तेथे त्या बियाच्या अंगच्या द्रव्यांपासून एक निराळेच द्रव्य तयार होते. काहींच्या देहात ते होते, काहींच्या होतच नाही. आणि सोयाबीनच्या औषधी कीर्तीसंबंधी जे वाद पन्नास वर्षे चालत आले, त्यांतील पुष्कळांचे मूळ या एका भेदात आहे. या द्रव्याच्या शोधाचा इतिहास आणि सोयाबीन कृष्णाकाठी येण्याचा इतिहास जवळजवळ एकाच काळात घडले. ते दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्यांतील एकही नीट उमगत नाही, असे माझे मत आहे.

आधी कृष्णाकाठाकडे पाहू. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि छत्रपतींच्या त्या मुलखाचा इंग्रजी अंमलाखालील जिल्हा बनला. पुढे 1949 मध्ये सांगली, मिरज आदी पटवर्धनी संस्थानांचा प्रदेश आणि जुन्या जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके एकत्र करून 'दक्षिण सातारा' असा नवा जिल्हा करण्यात आला, आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या सगळ्या स्थित्यंतरांतून महसुली दफ्तरांतील पिकांची नावे मात्र फारशी बदलली नाहीत. जोंधळा, बाजरी, भुईमूग, हळद, तंबाखू, ऊस, हरभरा, या नावांनी पीकपाहणीचे रकाने भरत राहिले. सोयाबीनसाठी त्यांत रकाना पडण्यास शतक सरत यावे लागले.

परंतु मराठी माणसाच्या विचारात हे बी त्याच्या कितीतरी आधी शिरले होते. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत, दरबारच्या अन्नविषयक पाहणीच्या कामावर असलेल्या एफ. एस. काळे यांनी सोयाबीनचे आहारातील मोल, लागवड आणि उपयोग यांवर एक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला आणि तो 1936 साली संस्थानच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, 1935 मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह हेच बी रोजच्या जेवणात घेऊन पाहत होते आणि 'हरिजन' पत्रातून त्याविषयी लिहीत होते. गरिबाच्या ताटात स्वस्त आणि पुष्ट प्रथिन कसे पडेल, ही चिंता दोन्हीकडे सारखीच होती. ते दोन्ही प्रयत्न रयतेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचू शकले नाहीत, आणि त्याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, बियाच्या उग्र वासात आणि न शिजण्याच्या हट्टातच अधिक होते. मूग-मटकीवर वाढलेल्या जिभेला ते आपले वाटले नाही.

काळ्यांच्या ग्रंथापूर्वी चारच वर्षे, 1932 साली, इंग्लंडमध्ये गाय मॅरियन आणि हॅझलवुड हे दोन रसायनशास्त्रज्ञ गाभण घोडीच्या मूत्राची चिकित्सा करीत होते. त्या काळी स्त्रीदेहातील अंतःस्रावांचे गूढ उकलण्याची मोठी चढाओढ लागली होती, आणि गाभण जनावरांचे मूत्र हे त्या द्रव्यांचे हाती येणारे भांडारच होते. त्यांना तेथे एक स्फटिकरूप पदार्थ मिळाला. तो घोडीकडून आला म्हणून, घोडा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याचे नाव 'इक्वॉल' ठेवण्यात आले. तो कोठून येतो आणि काय करतो, याचा मात्र उलगडा झाला नाही. आदल्याच वर्षी, 1931 मध्ये, जर्मनीत वाल्झ याने सोयाबीनमधून फ्लाव्हॉन वर्गाशी नाते सांगणारी द्रव्ये, म्हणजे आयसोफ्लाव्होने, वेगळी काढली होती. त्यांतील एकास, सोयाबीनच्या 'दाइझू' या जपानी नावावरून, डेडझीन म्हणतात. दुसरे जेनिस्टीन, जे 1899 सालीच रंगाऱ्यांच्या जेनिस्टा नावाच्या झुडपात सापडले होते. घोडीच्या मूत्रातील इक्वॉल हे या डेडझीनचेच जिवाणूंनी बदललेले रूप आहे, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानी येण्याजोगी नव्हती. बडोद्याचा ग्रंथ, वर्ध्याचे ताट आणि इंग्लंडातील स्फटिक हे तिन्ही पाच वर्षांच्या आत एकाच विषयाला तीन बाजूंनी स्पर्श करून गेले आणि एकमेकांस अपरिचित राहिले, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

या द्रव्याची पहिली साक्ष माणसाकडून आली नाही. ती मेंढ्यांनी दिली. पश्चिम ऑस्ट्रेलियात गवताळ रानांतून सबटेरेनियन क्लोव्हर नावाचा द्विदल चारा मोठ्या प्रमाणावर पेरण्यात आला होता, आणि 1940 नंतरच्या वर्षांत त्या रानांत चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, ज्या राहिल्या त्यांची वीण अडू लागली, आणि हजारो मेंढपाळांवर संकट कोसळले. बेनेट्स, अंडरवुड आणि शियर यांनी 1946 साली या व्याधीचा वृत्तांत प्रसिद्ध करून त्या चाऱ्याकडे बोट दाखविले. प्रथम संशय जेनिस्टीनवर गेला, कारण ते चाऱ्यात मुबलक होते आणि प्रयोगशाळेत स्त्रीसंप्रेरकासारखे वागत होते. तो आरोप त्याच्यावर बरीच वर्षे राहिला. पुढे, 1960 नंतरच्या दशकात, रुजुवात झाली ती निराळीच. मेंढीच्या पहिल्या पोटातले, म्हणजे कोठीपोटातले, जिवाणू जेनिस्टीनचे तुकडे करून त्याला निरुपद्रवी करून टाकतात, आणि चाऱ्यातील फॉर्मोनोनेटीन नावाचे जे दुसरे द्रव्य स्वतः जवळजवळ निर्बल असते, त्याचे आधी डेडझीन आणि मग इक्वॉल करून ते रक्तात सोडतात. चाऱ्यात जे होते त्यावरून निकाल देणे चुकीचे होते. पोटातल्या जिवाणूंनी त्याचे काय केले, हे पाहिल्यावाचून गुन्हेगार सापडणार नव्हता.

हे चालू असता भारतात सोयाबीनचा दुसरा, आणि या वेळी यशस्वी, प्रवेश होत होता. जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने लागवडीचे प्रयोग सुरू केले; 1967 साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प उभा राहिला. पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी 1946 मध्ये उभारलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनेही त्यात भाग घेतला, आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे 'एमएसीएस' वाण शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. 1970 च्या सुमारास सबंध देशात जे पीक तीस हजार हेक्टरांच्या आसपास होते, ते पुढील चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक कोटी हेक्टरांच्या पुढे गेले. त्याचा मोठा वाटा माळव्याचा आणि विदर्भ-मराठवाड्याचा. कृष्णेच्या खोऱ्यात मात्र त्याचा प्रवेश निराळ्या वाटेने झाला.

येथे राज्य उसाचे. पूर्वहंगामी उसाची लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, तत्पूर्वी पावसाळाभर ते काळे रान रिकामे ठेवणे कोणासही परवडत नाही. आणि शंभर दिवसांच्या आतबाहेर पदरात पडणारे, रानाला नत्र ठेवून जाणारे, दसऱ्याच्या सुमारास मळून मोकळे होणारे सोयाबीन त्या फटीत असे चपखल बसले, की खरिपाचा जोंधळा आणि भुईमूग मागे सरत गेले. माळव्यात पाभरीने पेरतात ते बी येथे अनेक शेतकरी दोरी धरून हाताने टोकतात, कारण उसाने शिकविलेली निगा या पिकासही मिळाली. सांगलीपासून जवळच असलेल्या कसबे डिग्रज येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने फुले कल्याणी, फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया असे वाण दिले. त्यांतील अग्रणी हे तर याच जिल्ह्यातील एका नदीचे नाव. या वाणांच्या मागे एक कठीण प्रसंग आहे. 1990 नंतरच्या दशकात कृष्णाकाठच्या या पट्ट्यात, सीमेपलीकडील उगार खुर्दपर्यंत, तांबेरा रोगाने सोयाबीन गाठले. ढगाळ हवा आणि पानांवर रात्रभर राहणारा ओलावा मिळाला, की पानांच्या मागील बाजूस तांबूस पुटकुळ्या उठत, पाने अकाली गळत आणि शेंगा पोचट राहत. सबंध देशात या रोगाचा मुक्काम प्रामुख्याने याच पट्ट्यात पडला, आणि म्हणून त्याला तोंड देऊ शकणारे वाण येथल्याच मातीत निवडून काढावे लागले.

तांबेऱ्याचा उल्लेख मी केवळ संकट म्हणून केला नाही. ज्या आयसोफ्लाव्होनांची ही कथा आहे, ती द्रव्ये झाडाने माणसासाठी केलेली नाहीत. बुरशीचा हल्ला झाला, की सोयाबीनचे रोप डेडझीनपासून ग्लायसिओलिन नावाची प्रतिकारक द्रव्ये बनविते. आणि जमिनीखाली त्याच डेडझीन-जेनिस्टीनचे दुसरे कार्य चालते: 1987 साली असे दिसून आले, की सोयाबीनची मुळे ही द्रव्ये पाझरतात आणि त्यांचा स्पर्श होताच ब्रॅडीरायझोबियमच्या अंगी गाठी धरणारी जनुके जागी होतात. म्हणजे डेडझीन ही मुळात झाडाने जिवाणूला घातलेली साद होय. गुळाच्या पाण्यातून बियाला चिकटून गेलेला तो जिवाणू जमिनीत हीच साद ओळखतो. आतड्यातील जिवाणूंनी ते द्रव्य आपल्या परीने पालटून टाकावे, हा त्याच जुन्या व्यवहाराचा एक दूरचा फाटा आहे असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

मानवी देहापर्यंत ही कथा पोचली ती 1982 मध्ये. अंतःस्रावांचे पृथक्करण करणाऱ्या केनेथ सेचेल, मॅग्नुस अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या मूत्रात एक अनोळखी पदार्थ दिसला, आणि त्याची ओळख पटली तेव्हा तो पन्नास वर्षांपूर्वी घोडीच्या मूत्रात सापडलेला इक्वॉल निघाला. तो कोठून आला याचा माग काढता काढता संशय सोयाबीनवर आला. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना सोयाबीनचे प्रथिन खाऊ घालून त्यांचे मूत्र तपासण्यात आले. बहुतेकांच्या बाबतीत इक्वॉलचे प्रमाण शेकडो पटींनी चढले, परंतु सर्वांच्या नाही. ज्याच्या मूत्रात ते चढले नाही त्यानेही तेच अन्न तेवढेच खाल्ले होते. शास्त्राच्या इतिहासात अशी एखादीच तफावत पुढच्या वीस वर्षांचे काम नेमून देते.

ते काम सावकाश उलगडत गेले. बियात ही द्रव्ये साखरेच्या रेणूला जखडलेल्या रूपात असतात, आणि त्या रूपात ती आतड्याच्या भिंतीतून आत शिरत नाहीत. लहान आतड्यातील पाचके आणि जिवाणू ती साखर तोडतात; सुटलेल्या डेडझीनचा काही भाग रक्तात जातो आणि उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो, जेथे प्राणवायूचा लवलेश नसतो. तेथे दोन वाटा फुटतात. एका वाटेचे जिवाणू डेडझीनचे कडे फोडून ओ-डेस्मिथाइलअँगोलेन्सिन नावाचा पदार्थ बनवितात, आणि ही शक्ती दहांपैकी आठ-नऊ माणसांत असते. दुसऱ्या वाटेचे जिवाणू त्याच रेणूवर एकामागून एक हायड्रोजन चढवीत डायहायड्रोडेडझीन, टेट्राहायड्रोडेडझीन आणि अखेर इक्वॉल अशा पायऱ्यांनी जातात, आणि प्रत्येक पायरीला त्यांच्यापाशी स्वतंत्र विकर असते. ही शक्ती ज्यांच्या आतड्यात नांदते, अशी माणसे पाश्चात्त्य देशांत चारांत एक किंवा थोडी अधिक आणि जपान-चीनकडे निम्म्याहून जास्त आढळली. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शाकाहारी लोकांत हे प्रमाण 59 टक्के आणि इतरांत 25 टक्के निघाले. ज्या जिवाणूंच्या अंगी ही कला आहे, त्यांतील एकास 2008 साली अ‍ॅडलरक्रॉयट्झिया इक्वॉलिफेसिएन्स हे नाव मिळाले. त्यातले पहिले पद फिनलंडमधील हर्मन अ‍ॅडलरक्रॉयट्झ यांच्या गौरवार्थ आहे, ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे आहारातील या वनस्पतिजन्य संप्रेरकांच्या अभ्यासात घालविली. तान्ह्या मुलाच्या आतड्यात ही कला नसते. ती पुढे येते, ज्याला यायची त्यालाच येते, आणि एकदा आली म्हणजे बहुधा टिकून राहते.

इक्वॉल देहात करते काय? 1996 साली स्टॉकहोम येथील गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले, की स्त्रीसंप्रेरकाचा निरोप स्वीकारणारा ग्राहक एक नसून दोन आहेत, अल्फा आणि बीटा. आणि हे दोन ग्राहक शरीरात निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या कामावर असतात. जिवाणू जे इक्वॉल बनवितात ते रेणूच्या दोन आरशातील प्रतिमांपैकी नेहमी एकाच, म्हणजे 'एस', हाताचे असते, आणि ते बीटा ग्राहकाला विशेष घट्ट बिलगते. डेडझीनपेक्षा त्याचा जोर अधिक आहे. 2002 साली सेचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की सोयाबीनवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत याचे एक कारण हेच असावे: इक्वॉल करणारे आणि न करणारे यांना एकाच रांगेत बसवून सरासरी काढली, की कोणाचेच खरे उत्तर हाती येत नाही. पुढे जपानात लॅक्टोकॉकस जातीच्या जिवाणूकडून सोयाबीनच्या अंकुरभागाचे किण्वन करवून इक्वॉल बाहेरच तयार करण्यात आले, आणि ज्यांचे आतडे ते करीत नाही अशा, ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना रोज 10 मिलिग्रॅम याप्रमाणे बारा आठवडे दिल्यावर त्यांच्या अंगातून उठणाऱ्या उष्ण लाटा, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक कमी झाल्या. दिखाऊ गोळीनेही बराच आराम पडला होता, हेही त्याच प्रयोगात नोंदलेले आहे, आणि ते झाकून ठेवू नये. हृदयविकार, कर्करोग, हाडांची झीज यांविषयी जे मोठमोठे दावे बाजारात केले जातात, त्यांना या पुराव्याचा तेवढा भक्कम आधार नाही. ज्या अमेरिकन सरकारी खात्याने 1999 मध्ये सोयाप्रथिन हृदयास हितकारक असल्याचे लिहिण्यास परवानगी दिली, त्यानेच 2017 मध्ये ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

आता पुन्हा कृष्णाकाठी येऊ. मळणी झाली, पोती भरली, आडतीत तोलाई झाली, आणि बी गिरणीत गेले, म्हणजे त्याच्या दोन वाटण्या होतात. तेल माणसाकडे येते, पेंड जनावरांकडे जाते. आणि आयसोफ्लाव्होने तेलात उतरत नाहीत, ती सगळी पेंडीत राहतात. एका ग्रॅम सुक्या बियात ती साधारण एक ते तीन मिलिग्रॅम असतात, आणि सांगली-साताऱ्याच्या बहुतेक घरांत, जेथे सोयाबीन पिकते, विकले जाते आणि तेलाच्या पिशवीतून परत येते, तेथे त्यांचा जेमतेमच अंश ताटात पडतो. त्यांचा मोठा वाटा गव्हाणीत आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जातो. गायीच्या कोठीपोटातील जिवाणू त्यातील डेडझीनचे इक्वॉल करतात आणि मायक्रोग्रॅममध्ये मोजावा इतका त्याचा अंश दुधात उतरतो. सोयापेंडीवर पोसलेल्या कोंबडीच्या अंड्यातही तो सापडतो. ज्याच्या आतड्यात ही कला नाही त्यालाही, अशा रीतीने, दुसऱ्या प्राण्याने केलेले थोडे इक्वॉल मिळत असते.

स्वयंपाकघराची वाट मात्र पुरती बंद नाही. दळणाला निघताना गव्हाच्या डब्यात मूठ-दोन मुठी सोयाबीन घालण्याची चाल या पट्ट्यात गेल्या पिढीपासून रुजली आहे, आणि ती ज्या सासूने सुनेला सांगितली तिने बहुधा एक अटही सांगितलेली असते: आधी भाजून घे. कच्च्या बियात प्रथिन पचू न देणारे, ट्रिप्सिनला अडविणारे द्रव्य असते. उष्णतेने ते मोडते, आयसोफ्लाव्होने मात्र बहुतांशी टिकून राहतात. वर्ध्यास आणि बडोद्यास ज्या बियापुढे हात टेकावे लागले, त्याला या घरांनी तव्यावरच्या भाजणीने आणि गव्हाच्या संगतीने आपल्या भाकरी-चपातीत बसवून घेतले. त्या चपातीतील डेडझीन दुपार ओलांडून मोठ्या आतड्यात पोचते. एकाच पंगतीला बसलेल्या दोन भावांपैकी एकाच्या देहात ते इक्वॉल होऊन रात्रभर रक्तातून फिरते, आणि दुसऱ्याच्या देहातून ते जसेच्या तसे किंवा कडे फुटून निघून जाते.

ऑक्टोबर सरता सरता रान मोकळे होते. माण, आटपाडी, जतकडचे धनगर कळप घेऊन कृष्णेच्या काठाने पश्चिमेकडे सरकू लागतात, आणि उसाची लावण व्हायच्या आधी शेतकरी त्यांना चार रात्री आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतो. त्याबद्दल धान्य आणि पैसा ठरतो, आणि रानाला लेंड्यांचे खत मिळते. मळणीच्या जागी भुसकट आणि मातीत सांडलेले दाणे राहिलेले असतात. मेंढ्या ते टिपतात, मग वाघराच्या आत गोलाकार बसून सावकाश रवंथ करतात. मळणी यंत्राच्या हातून निसटलेल्या त्या चार दाण्यांतील डेडझीन तेथल्या तेथे, त्यांच्या कोठीपोटातील अंधारात, इक्वॉल होऊ लागते.